नव्या रंगातले जुने गावकरी

माणसांशी बोलणे जमत नाही, म्हणून पन्नाशीनंतर मी व्हिडिओ गेमकडे वळलो. मेहकरहून दुसरबीडला एसटीने जाताना, हवे तिथे भटकू देणाऱ्या एका जुन्या गेमची नवी आवृत्ती मोबाइलवर पारखत होतो. शेजारचे अनोळखी काका वाक्यागणिक माझ्या गुडघ्यावर थाप मारत सोयाबीनविषयी बोलत होते. अखेर ते पडद्याकडे वाकले.

“झाडं तं झकास रंगवले. मंग तोंड काऊन पाडलं?”

“गवत, पाणी सारे नवे केले; पण यातले गावकरी अजूनही एकच वाक्य बोलतात,” मी समीक्षकाच्या थाटात म्हणालो.

काकांची थाप हवेतच थांबली.

“तुमीबी मेहकरापासून मले ‘हो का’च म्हनून राह्यले.”

मी ओशाळलो. आता काहीतरी वेगळे बोलायचेच, असे ठरवून तोंड उघडले.

“हो का?”

काका खदखदून हसले आणि अडलेली थाप माझ्या गुडघ्यावर पडली.