भावोजी ओव्हरची वाट बघतात

आमचे भावोजी सैन्यात बावीस वर्षं वायरलेसवर होते. लढाई संपवून घरी आले त्याला दहा महिने झाले, आणि ताईच्या हिशेबाने एवढ्या काळात ते दहा वाक्यंसुद्धा बोलले नव्हते. आता ताई एकदा सुरू झाली की देवही तिला थांबवू शकत नाही, हे मी सख्खा भाऊ म्हणून सांगतो. ती बोलायची, भावोजी टक लावून ऐकायचे आणि ऐकतच राहायचे. शेवटी तिने बॅग भरली. मला म्हणाली, या माणसाचं मन घरात नाही, रविवारी मला न्यायला ये.

समजूत घालावी म्हणून मी शुक्रवारी भावोजींच्या कचेरीत गेलो. पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा फोन त्यांच्याकडे होता. पलीकडे एक आजी नळाच्या नावाने शंख करत होत्या, तो मला दारापर्यंत ऐकू येत होता. आजी दमून थांबल्या. भावोजी गप्प. आजी "हॅलो, हॅलो" करू लागल्या, तरी हे ढिम्म. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फाइलमधून मान वर न काढता रिसीव्हरकडे वाकून सांगितलं, "आजी, ओव्हर म्हणा." आजींनी म्हटलं, आणि भावोजींनी अख्खी तक्रार शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवली, गळक्या वॉशरसकट.

त्या बाईंनी मला समजावलं. वायरलेसवर एकाचं बोलणं संपलं की तो 'ओव्हर' म्हणतो, मगच दुसऱ्याने बोलायचं बटण दाबायचं; आधी दाबलं तर पलीकडचं ऐकूच येत नाही. इथे आता अर्ध्या गावाला ते पाठ झालंय.

मी हसत हसत ताईकडे गेलो आणि तिला हे सगळं सांगितलं. ती हसली नाही. भरलेल्या बॅगेकडे बघत बसली.

संध्याकाळी भावोजी आले. ताईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "तिकडे काय झालं ते मला सांगाल का?"

भावोजी तिच्याकडे बघत राहिले. मी खाकरलो.

"ओव्हर," ताई हळूच म्हणाली.

भावोजींनी कप खाली ठेवला. "एकदा मी मध्येच बटण दाबलं होतं," ते म्हणाले. "पलीकडचा अजून बोलत होता. नंतर तो बोललाच नाही."

मग ते तासभर बोलले. ताईने मध्ये एक शब्द घातला नाही, जन्मात पहिल्यांदा. बोलून झाल्यावर ते थांबले, तरी ती गप्पच. पुन्हा बिनसलं की काय म्हणून मी तिला कोपराने ढोसलं.

तिने मला हातानेच थांबवलं. त्यांनी अजून ओव्हर म्हटलं नव्हतं.