कल्पनाचे हातउसने

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली, पेन पुन्हा हातात आलं ते भिवंडीला आल्यावर. हे कोणाला दाखवायचं नाही. पण लिहिताना गावाकडची आई आणि माझ्यासारखीच लग्न होऊन लांब सुरतेला गेलेली धाकटी बहीण रूथ समोर बसल्यासारख्या वाटतात. म्हणून त्यांना सांगावं तसं लिहिते.

रूथ, मी निघाले त्या सकाळी तू एसटीच्या खिडकीखाली उभी होतीस. पेटी टपावर चढली होती. नवरा तिकिटाचे पैसे हातात धरून कंडक्टरची वाट बघत होता. आई रडली नाही. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, जे हाताला लागेल ते माझ्या पिशवीत कोंबत राहिली. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "घर मागून लाव. आधी मंडळी शोध."

मंडळी म्हणजे आपलं चर्च. नगरकडच्या आपल्या गावात ती शोधावी लागत नव्हती. रविवारी घंटा झाली की अर्धी गल्ली चालायला लागायची. आपल्याला कोणी बसवून शिकवलं असंही नाही. भांडी घासता घासता गाणी पाठ झाली, आजारपणात प्रार्थना कानावर पडल्या. विश्वास शिकवावा लागतो हेच मला माहीत नव्हतं.

भिवंडीत नवऱ्याला मानकोलीच्या गोडाऊनमध्ये हमालीचं काम होतं. आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या गाळ्याला लागून. रात्रंदिवस खटखट, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. शेजारणी हिंदीत विचारायच्या, "भाभी, आप लोग कौन?" मी नुसतं "मराठी" म्हणून दार लोटून घ्यायचे. मंडळी सापडली ती निजामपुऱ्याच्या पुढे, एका दुकानावरच्या माळ्यावर. वीस-पंचवीस माणसं. त्यांत सालोमीबाई होत्या. म्हाताऱ्या, जाड भिंगाच्या, चार बायकांत उठून माझ्यासारख्या मुक्या बाईला बोलतं करणाऱ्या. मला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला त्यांनीच बसवलं. ओळीखाली बोट धरून.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. नवीन बाई यायला लागली की तिला जुन्या बहिणीच्या हाती देतात. आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसायचं, वाचायचं, प्रार्थना करायला शिकवायचं. एका रविवारी सालोमीबाईंनी माझ्याच चाळीतल्या कल्पनाचा हात माझ्या हातात दिला. "ही आता तुझी."

 मी म्हणाले, "बाई, मला सभेत दोन वाक्यं बोलता येत नाहीत."

"तुला काय येत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "येतं तेवढं दे. उरलेलं द्यायला देव आहे."

कल्पना आतल्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. नवरा लूमवर रातपाळीला. ती स्वतः घरी कांडी भरायची, म्हणजे लूमसाठी छोट्या नळीवर सूत गुंडाळायची. शेजारच्या एका आजारी बाईबरोबर सोबत म्हणून मंडळीत आली आणि पुढे एकटी येत राहिली. सासूचं म्हणणं, "जाते तर जाऊ दे, काम सोडून न्हाय ना जात." दर शनिवारी ती माझ्याकडे यायची. ती यायच्या आधी मी तोच उतारा दोनदा वाचून ठेवायचे. आज काही विचारलं आणि मला आलं नाही तर? मी सांगितलेलं चुकीचं असलं तर ते तिच्या जिवाला लागेल, माझ्या नाही. पण ती विचारायची कमी आणि ऐकायची फार. मी तिला एकच गोष्ट नीट शिकवली असेल. मनात आहे ते तोंडाने बोल, देवापुढे पुटपुटू नको. लूमच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

मग तिच्या मुलीला टायफॉइड झाला. दवाखान्यात पैसे भरायचे होते आणि नवऱ्याचा लूम मंदीमुळे बंद. कल्पनाने माझ्याकडे हातउसने मागितले. कापडाचे सुटे धागे तोडायच्या कामातून नाताळला गावी जायला मी साठवले होते, ते दिले. मुलगी बरी झाली. आम्ही त्या नाताळला आलो नाही. आई, तुला मी नवऱ्याला सुट्टी नाही असं कळवलं होतं.

पैसे दिले आणि आमची शनिवारची बैठक बिघडली. वाटेत भेटले तरी कल्पना आधी म्हणायची, "ताई, पुढच्या पगाराला नक्की." वाचन कसं चाललंय म्हणून विचारायला मी दाराशी गेले तर तिचा चेहरा उतरायचा. तिला वाटायचं वसुलीला आले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ आहे. तिथे आलं की तिचा आवाज खाली जायचा, आणि माझाही.

एका शनिवारी ती डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करत होती. "ताईंचं देणं फिटू दे, घरी भावानं दिले म्हणून खोटं सांगितलंय, ते तू..." एवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत तिचा आवाज माझ्या खोलीच्या पत्र्यापलीकडे, बाहेर बसलेल्या सासूच्या कानात गेला.

सासू दारात आली. ओरडली नाही, तेच वाईट. सुनेकडे बघून म्हणाली, "म्हंजे भावानं न्हाय दिलं. मंग देव फुकट न्हाय मिळाला तुला. पैशे घेऊन घेतलास." मग माझ्याकडे वळली. "आनि तू गं बाई, तोंडात मूग धरून बसतेस, मला वाटलं गरीब हाय. किती जनींना उसने देतेस अशी?"

 चाळीभर ते झालं. नळावर बायका मला जागा करून द्यायच्या, आदराने नाही. आपल्या आजोबांपासून पैशांवर देव बदलल्याचा हा बोल आपल्या लोकांनी ऐकलाय हे मला माहीत होतं, पण आजवर तो माझ्या नावाने नव्हता. नवरा म्हणाला, "खोली बदलू." मला झोप येईना. मला माझी काळजी नव्हती असं नाही, पण कल्पनाचा विश्वास आता कोणीच विश्वास म्हणणार नाही, उद्या तिला स्वतःलाच तसं वाटायला लागलं तर, ही धास्ती जास्त होती.

मी तिला गाठून म्हटलं, "पैसे सोड. मी माफ केले."

ती घाबरून म्हणाली, "न्हाय ताई. माफ केलंत तर सासूबाईंचं म्हननं खरं हुईल. फिटंस्तवर मी शिकायला येनार न्हाय. रविवारी मंडळीत येईन, पन तुमच्या खोलीत न्हाय."

सालोमीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिकवणारीने उसने देऊ नयेत. द्यायचे तर देऊन टाकायचे, नाहीतर नाही म्हणायचं. आता ती परत करतेय तर घे. हात मागे ओढू नकोस, तेवढीच तिची शिकवणी समज."

घेतले. कांडीचे पैसे मिळाले की कल्पना उंबऱ्याबाहेर उभी राहून थोडे थोडे द्यायची आणि वळायची. तिची बोटं सुताने चिरलेली असायची. रविवारी ती मागच्या ओळीत बसायची, मी पुढे. मधे एक-दोन रविवार आली नाही तेव्हा मी गाणं म्हणताना सारखी दाराकडे बघत होते. शनिवारी ती यायची ती वेळ मला कशानेच भरता येईना. मी तिला शिकवते असं मला वाटत होतं. एकटीने वाचायला बसले तेव्हा कळलं, ती समोर असायची म्हणून मी वाचत होते.

पाऊस संपला, पुन्हा नाताळ जवळ आला. एका संध्याकाळी दार वाजलं. कल्पना होती, आणि तिच्यासोबत सासू. सासूने नोटा माझ्यापुढे ठेवल्या. "मोजून घे. मागून बोलायला नको."

मी मोजले. दोनदा चुकले, पुन्हा मोजले. म्हणाले, "पुरे आहेत, मावशी. काही राहिलं नाही."

"आमच्याकडं तुझं काय न्हाय ना आता?"

"काही नाही."

"बरं." ती उठली. "चल गं."

कल्पना उठली नाही. भिंतीला टेकून बसली होती ती तशीच. "तुमी व्हा फुडं, आई. मी येते मागनं."

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता बोलणार. पण तिने चप्पल घातली आणि जाताना दार उघडंच ठेवून गेली, चाळीला दिसावं म्हणून असेल. आम्हीही ते लोटलं नाही.

कल्पनाने विचारलं, "आता गावी जाल ना ताई, या पैशांत?"

"जाऊन येईन," मी म्हटलं. रूथ, आई, इतकी वर्षं मी इथून निघताना घरी जाते म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा, घर इथलंच असल्यासारखं, 'जाऊन येईन' तोंडातून आलं. नोटा मी डब्यात टाकल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसले.