नदीपासून लांबची जागा

ऑफिसात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. लढाईचे खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम एकच: डाव सुरू होताना कोणाला कुठे उतरवायचं ते ठरवणं. पाणी जवळ हवं, लोखंडाची खाण हाकेच्या अंतरावर हवी, पाठीशी डोंगर असला तर उत्तम, आणि चार भिंती उभ्या राहायच्या आत शत्रू दारात येईल इतका त्याचा शेजार नको. सगळ्यांना सारखंच दिलं तर खेळ अळणी होतो, म्हणून एकाला खाण दिली की दुसऱ्याला सुपीक जमीन. पण जो हरेल तो स्वतःच्या चुकीनं हरला पाहिजे, यावर ती अडून बसायची.

मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत सांगितलं की चांगल्या जागा यापुढे विकत मिळतील. फुकट्यांना जरा पडीक जागा द्यायची, फक्त ते त्यांच्या लक्षात येता कामा नये. तिनं वाद घातला. साहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि हे काम दुसरं कोणीही करेल, एवढंच म्हणाले. घरी उजवा हात लुळा पडलेले बाबा होते. तिनं मान खाली घातली. हातातलं काम वाईट करायची सवयच नसल्यामुळे हेही तिनं चोख केलं. नदी समोर दिसायची, पण मध्ये दलदल असायची. खाण लागायची, पण ऐन गरजेच्या वेळी आटायची.

बाबा शिंपी होते. पक्षाघाताचा झटका आल्यावर दुकान बंद झालं. पोरीनं बनवलेला खेळ म्हणून डाव्या हातानं फोनवर तो शिकले, तोही फुकटातला. घरच्या खेळाला कसलं तिकीट, असं म्हणून हसायचे. रोज हरायचे. आधी हसण्यावारी नेलं, मग हसणं थांबलं. जेवताना सांगायचे की समोरच्याचा किल्ला उभा राहतो तोवर माझं कुंपणही होत नाही. खेळच अवघड आहे, असं म्हणून ती त्यांना वाढत राहायची.

एका रविवारी आत्या आली. बाबांनीच बोलावलं होतं. घराचे व्यवहार, औषधपाणी, सगळं आता तूच बघ, असं ते बहिणीला सांगत होते. झटक्यानं डोक्यावर परिणाम झाला नाही हे डॉक्टरांचं बोलणं म्हणजे नुसती समजूत होती, साध्या खेळातसुद्धा आपलं डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिला राहवलं नाही.

"बाबा, तुमचं डोकं ठीक आहे. तुम्हाला मिळते ती जागाच वाईट असते. ती मीच तशी केलीय."

त्यांना आधी कळलंच नाही. तिनं सगळं समजावून सांगितलं. आत्या कपबशा उचलून आत गेली.

"म्हणजे मी जिंकणारच नव्हतो?"

"क्वचित एखाद्या वेळी."

"आणि मी रोज रडगाणं गात होतो, तेव्हा तुला हे ठाऊक होतं."

"हो."

ती घाईघाईनं म्हणाली की उद्याच तुम्हाला नदीकाठची जागा लावून देते, ते माझ्या हातात आहे.

"ते तुझ्या हातात आहे, हे कळलं मला," बाबा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं चाचपडत तो खेळ काढून टाकला. बराच वेळ लागला. ती मदतीला पुढे झाली, तर त्यांनी स्क्रीन फिरवून घेतली.

तिनं साहेबांना सांगून ते काम सोडलं. त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. आता ती नकाशातली झाडं रंगवते, आणि तिच्या जागी आलेल्या माणसाच्या खाणी आणखी लवकर आटतात. बाबा व्यवहार स्वतःच बघतात, कुठे चुकत नाहीत. ती घरी पोचते तेव्हा त्यांचं जेवण उरकलेलं असतं, आणि तिचं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं.