वाघाला वाट सोडा

आमच्या पाड्यात मोबाइलला रेंज एकाच जागी येते, शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी. माझी मुलगी रुचिता अकरावीला, जीपने मुरबाडला जाते. गेल्या पावसाळ्यानंतर ती रोज संध्याकाळी त्या दगडाला टेकून बसायची. मागे रान, रानात बिबट्या, आणि ही मान खाली घालून जपानी कार्टून उतरवून घेणार. "कार्टून नाही आई, अ‍ॅनिमे," हे तिने मला कितीदा सांगितलं असेल. माझं लक्ष मात्र ती घरी येईपर्यंत वाटेकडे.

एके दिवशी ती नथूमामांबरोबर परतली. दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"तुझ्या कप्तानाला अक्कल नाय," मामा म्हणत होते. "दुसऱ्याच्या रानात फौज घातली आन शिवेवर साधा नारळ फोडला नाय. तो ड्रॅगन अंगावर येल नाय तर काय ओवाळील त्यांना?"

नथूमामा तसे कुणाचेच सख्खे मामा नाहीत, पण सगळा पाडा त्यांना मामा म्हणतो. वय एकसष्ट. फौजेत चोवीस वर्षं काढली ती कोठारावर. तंबू, बूट, कांबळी, पाण्याच्या टाक्या. मामा, बंदूक चालवली का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "बंदूकवाल्याला जेवू घातला. उपाशी मानसाची गोळी झाडाला लागते." घरी आल्यावर भातशेती सांभाळून वाघोबापुढे रोज दिवा लावण्याचं काम त्यांनी मागून घेतलं. तो दिवा लावायला गेले असतानाच त्यांना रुचिता सापडली होती.

रुचिता बघायची त्या मालिकेत एका डोंगरात बोगदा उघडतो. पलीकडे ड्रॅगन, चेटकिणी आणि मुकुटवाले राजे. अलीकडून आजकालची फौज ट्रक आणि रेडिओ घेऊन आत शिरते. मामा आमच्या ओटीवर बसून रोज एक भाग बघू लागले. खालची इंग्रजी अक्षरं रुचिता त्यांना आमच्या बोलीत सांगायची. चेटकीण आकाशातून वीज पाडायची आणि मामा विचारायचे, "ते ऱ्हाऊ दे. यांचं पानी कुठून येतं?"

एका भागात ड्रॅगन गावात शिरला. फौजेने त्याला चौकात घेरलं आणि त्याने निम्मं गाव जाळलं. मामा चिडून उठले. "कोंडलेलं जनावर जाल कुठं? एक बाजू मोकळी ठेवाची! एवढं आमच्या गुराख्याला पन कळतं."

त्यांना ते कळणारच. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला आमच्याकडे वाघ पळवतात. एक माणूस वाघ होतो, अंगावर चुन्याचे पट्टे ओढलेली घोंगडी घेतो, आणि पोरं करवंदीच्या फांद्या घेऊन त्याला शाळेच्या मैदानापासून शिवेपार हुसकतात. वाघ शिवेबाहेर गेला की वर्षभर गुरांना भय नाही. शीव ओलांडेपर्यंत वाघाने माणसासारखं बोलायचं नाही. फौजेतून आल्यापासून वाघ मामाच होतात.

पण गेल्या वर्षी पोरं आली चार. त्यातली दोन व्हिडिओ काढत उभी राहिली. या वर्षी गावकीच्या बैठकीत पाड्याचे कारभारी भगीरथदादा म्हणाले, "कशाला म्हातारपनी चार पायांवर रांगतोस, नथू? नारळ फोडू आन मोकळे होऊ." मामा उठून दिवा लावायला गेले. त्या संध्याकाळी ओटीवर आले, पण भाग लावू दिला नाही. म्हणाले, "यंदा पोरं नाय आली तं वाघ बंद."

रुचिता म्हणाली, "मामा, फौज उभारायची का?"

मग आठ दिवस आमच्या खळ्यावर कवायत. तेवीस पोरं जमली, सगळी त्या मालिकेसाठी. कवायत केली तरच पुढचा भाग, असा मामांचा हुकूम होता. तीन तुकड्या झाल्या. रुचिता कप्तान. वाघाच्या जागी पेंढा भरलेलं पोतं. डावी तुकडी, उजवी तुकडी, मागची तुकडी, शिट्टी झाली की घेरा, आणि घेरा पुरा झाला की शेंगदाण्याचा लाडू. माझी काळजी वेगळीच. मामांचा डावा गुडघा. मी मलम दिलं तर त्यांनी ते वाघाच्या सामानात ठेवलं.

वाघबारशीला सारा पाडा रस्त्यावर आला. घोंगडी पांघरलेले मामा डरकाळी फोडत निघाले आणि पोरं ओरडत त्यांच्या मागे. सामानातून काढून घेतलेलं मलम मुठीत धरून मी कडेकडेने चालत होते. शीव वीस पावलांवर आली आणि रुचिताने शिट्टी मारली.

डावी तुकडी धावली, उजवी धावली, मागची फाकून पुढे गेली. घेरा पुरा. पोत्याला घेरतात तसा, जराही फट नाही. वाघ मधोमध.

पोतं कधी पळालं नव्हतं. घेरा उघडायचा कसा, हे आठ दिवसांत कुणी शिकवलंच नव्हतं.

मामांनी डरकाळी फोडली. पोरांनी टाळ्या पिटल्या. "लाडू! लाडू!" मामा गुरगुरत मान हलवून शिवेकडे दाखवत होते. धाकट्या पोरांना वाटलं, वाघ चिडला, म्हणून त्यांनी फांद्या आणखी जवळ आणल्या. मामांचा चेहरा चुन्याखाली लाल झाला होता. एक शब्द बोलले असते तर सुटले असते, पण वाघाला बोलता येत नाही.

मामांची थोरली बहीण रखमीआत्या काठी आपटत किंचाळली, "वाघ गावात ऱ्हाला गो बाय! गुरं खाल आता वरीसभर!"

भगीरथदादांनी कपाळाला हात लावला. सगळे माझ्याकडे बघू लागले. कप्तान माझीच होती.

रुचिताने मामांची शिवेकडे हलणारी मान पाहिली. मग शिट्टी तोंडातून काढून ओरडली, "कोंडलेलं जनावर जाल कुठं? पुढची बाजू मोकळी! दोन रांगा!"

मामांचंच वाक्य, मामांच्याच आवाजात. पोरं हसत हसत फुटली. दोन रांगा झाल्या, मध्ये वाट झाली. मामा त्या वाटेने चार पायांवर निघाले, डावा गुडघा ओढत, आणि वाघोबाच्या दगडापलीकडे जाऊन पडले. तेवीस जणांनी फांद्या खांद्याला लावून सलामी दिली.

मामा उठून बसले. घोंगडी बाजूला केली. शिवेपलीकडचं त्यांचं पहिलं बोलणं, "पुढची बाजू कुना गाढवानं बंद केली?"

"तुमीच शिकवलं, मामा!" तेवीस जण एका सुरात.

मामांनी गुडघा चोळत माझ्यापुढे हात केला. मी मलम दिलं.

रखमीआत्या हसून हसून खोकत होती. भगीरथदादा नारळ घेऊन पुढे आले, तो वाघोबापुढे फोडला आणि पहिलं खोबरं मामांच्या हातावर ठेवलं.

"नथू," ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "पुढल्या वरशी वाघाबरोबर कोल्हा पन लागल ना? मी हाय."