पुलाच्या पोटाखालचं अंतर

समुद्रावरच्या पुलांची तपासणी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. किस्से इतके साचलेत की ऐकायला माणसं पुरत नाहीत. आई गेल्यापासून माटुंग्याच्या घरी मी एकटीच. म्हणून आज तुम्ही सापडलात!

*

आमचे सीनियर म्हणजे कांबळे सर. नवा इंजिनिअर आला की लोअर परळच्या ऑफिसात त्याच्यासमोर पाण्याचा टब आणि पातेलं ठेवायचे. पातेलं उपडं करून पाण्यात दाबायचं. ते उसळून वर येतंच. "लाट पूल पाडत नाही, खालून उचलते. आत अडकलेली हवा तिला मदत करते. म्हणून हवेला भोकं ठेवायची आणि पुलाला खाली बांधून ठेवायचं."

माझ्या हातून पातेलं निसटलं आणि पाणी थेट बड्या साहेबांच्या फाइलीवर. सर शांतपणे म्हणाले, "मुलीला विषय समजला."

*

भरतीच्या वेळा सरांना तोंडपाठ. कुणाला विचारणं नाही, मोबाइल बघणं नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नाची ठरलेली तारीख त्यांनी बदलायला लावली, कारण त्या दिवशी मोठी भरती होती. व्याही चक्रावले. सर म्हणाले, "मुहूर्त आम्ही मानत नाही. भरती मानतो."

*

मोठ्या भरतीला एकाने पुलावर जायचं, वजन बांधलेली टेप कठड्यावरून सोडायची, पुलाच्या पोटापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि सरांना फोन करायचा, ही आमची पद्धत. एकदा मी भर पावसात कठड्यावर ओणवी झाले होते. एका मावशींनी मागून दंड धरला. "पोरी, घरी कोण नाय काय तुझ्या?" मी खरं ते सांगितलं, नाही म्हणून. त्यांनी दंड आणखी घट्ट धरला. सुटायला अर्धा तास लागला. खरं सांगू, सुटल्यावर जरा वाईटच वाटलं.

*

सर रिटायर झाले, वर्षभरात वहिनी गेल्या. मुलगी कॅनडात. पुढे पुलावर सेन्सर बसला आणि आकडे आपोआप ऑफिसात येऊ लागले. टेप कपाटात गेली. मी ती काढून घेतली. भरतीला जायचं, मोजायचं, सरांना फोन करायचा. पहिल्या रिंगला उचलायचे. "थांब, लिहितो." मग गुडघा, जेवण, त्यांच्या परळच्या चाळीचं काय होणार, असं चालायचं. मला वाटायचं, बिचारे एकटे आहेत, आपण त्यांचं मन राखतोय.

*

गेल्या जुलैत मला ताप होता. भरतीचा दिवस चुकववेना. अंथरुणातूनच फोन लावला आणि आकडा ठोकून दिला, "दोन मीटर चाळीस."

सर म्हणाले, "दोन मीटर दहा आहे गं. सेन्सर बसल्यापासून माझ्या मोबाइलवर येतं ते."

म्हणजे दोन वर्षं माझ्या फोनआधीच सरांना आकडा कळत होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे फोन संपले, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात सरांनी घसा खाकरला.

"बरं, उद्या भरती किती वाजता आहे?"