गिरणीवरचं यंत्र

सरकारी शास्त्रज्ञ म्हणजे काय चीज असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी त्यांच्यातच बसून पगार खाल्ला. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि तिथल्याच ब्राह्मणपाऱ्यात वाढलेली, रेल्वेतल्या अमरावतीकर बाबूची मी पोट्टी, केमिस्ट्रीची डिग्री घेऊन पर्यावरणाच्या सरकारी प्रयोगशाळेत चिकटले. प्रयोगशाळा कसली, भाड्याचा बंगला होता. न्हाणीघरात ॲसिडच्या बाटल्या आणि हॉलमध्ये साहेबांचं टेबल. नाजूक वजनाचा तराजू यायला दोन वर्षं लागली. साहेबांच्या नावाची पितळी पाटी मात्र पहिल्याच आठवड्यात लागली होती.

साहेब पुण्याकडचे, डॉक्टरेटवाले. माझ्या तोंडून चुकून 'मले' निघालं की नाक मुरडायचे. "मॅडम, 'मला' म्हणावं," असं हळुवार सांगायचे. हवेवर त्यांचं भाषण ऐकावं, माणूस डोलायला लागेल. पण हवा मोजायला ते कधी एखादी शिडी चढल्याचं मी पाहिलं नाही. शहराच्या अंगाला स्पंज आयर्नचे कारखाने उभे राहिले होते आणि काळी भुकटी घराघरात येत होती. साहेबांच्या टेबलावरही येत होती. शिपाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचा, मग साहेब त्याच टेबलावर 'हवेची गुणवत्ता समाधानकारक' असं लिहायचे. फडकं काळं व्हायचं, ते शिपाई धुवायचा.

शहरातल्या गुढियारी वस्तीच्या मागच्या अंगाला एका कारखान्याला नवी भट्टी टाकायची होती. त्याआधी तिथली हवा मोजायचा हुकूम निघाला. यंत्र ठेवायला उंच आणि मोकळं छत हवं होतं, वीज हवी होती. मी दारोदार विचारत फिरले. सगळ्यांनी नाही म्हटलं. शेवटी पिठाच्या गिरणीवाल्या एका काकूंनी हो म्हटलं. काकू विधवा, मूळच्या मोर्शीकडच्या. नवरा मालधक्क्यावर होता, तो गेल्यावर त्यांनी गिरणी टाकली. पापण्यांवर कायम पीठ.

"ठेव वो बाई," त्या म्हणाल्या. "पण हे करते काय, सांग मले."

मी सांगितलं. यंत्र दिवसभर हवा ओढतं. आत वहीच्या पानाएवढा पांढरा कागद असतो, त्यावर धूळ बसते. कागदाचं आधी वजन करायचं, नंतर करायचं. जेवढं वाढलं तेवढी धूळ आपण खाऊन राहिलो.

काकूंनी नातीला हाक मारली. नात अकरा-बारा वर्षांची, दम्याची. रात्री पाठीला तीन उशा लावून बसून झोपायची. शाळेत मागच्या बाकावर बसायची, कारण खोकला लागला की वर्गाबाहेर जाणं सोपं पडायचं. काकू तिला म्हणाल्या, "पाह्य, हे आपली सायंटिस्ट. आता सरकार मोजून राहिलं. मोजलं की भट्टी थांबते." नात हिंदीत म्हणाली, "सच में, दीदी?" आणि मी हो म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. इतकी मूर्ख मी होते, हे लिहून ठेवते.

सकाळी कागद लावायचा आणि संध्याकाळी काढायचा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं नंबर आणि तारीख टाकायची. मी खाली उतरले की काकूंचा चहा तयार असायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, "आमची सायंटिस्ट हाय." मला ते आवडायचं.

पहिला कागद काळाकुट्ट निघाला. वजन करून आकडा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला.

"काल वीज गेली होती का?"

"नाही सर."

"आठवून बघा. वीज गेली असेल तर नमुना अपूर्ण. अपूर्ण नमुना ग्राह्य धरता येत नाही. हा नियम आहे."

नियम खरा होता. लाइट गेलेली नव्हती. मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले आणि साहेब खिडकीकडे पाहत बसले. शेवटी मी रजिस्टरच्या शेऱ्यात 'वीजपुरवठा खंडित' लिहिलं. दुसऱ्या काळ्या कागदालाही तेच झालं. चौथ्या-पाचव्या वेळेपासून साहेबांना विचारावंही लागलं नाही. मीच लिहायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायचीही लाज आम्हा दोघांना उरली नव्हती. वर साहेब म्हणाले, "असे कागद इथवर आणूच नका. तिथंच टाकून द्या." मी ते गिरणीच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू लागले. पाऊस पडून गेलेल्या दिवसाचे फिकट कागद तेवढे ऑफिसात न्यायचे. त्यांचं वजन आम्ही फार काळजीनं करायचो.

आणि अक्कल बघा आमची. त्याच वर्षी चौकाचौकात सरकारनं बोर्ड लावले होते की या राज्यात चोवीस तास वीज आहे. एका सरकारनं लाइट दिली आणि त्याच सरकारच्या विद्वानांनी ती कागदावर घालवली. दुसरं काही सुचलं नाही. सुचायलाही डोकं लागतं.

भट्टीबद्दल लोकांच्या हरकती ऐकायला जनसुनवाई ठरली, तिच्या आधी अहवाल वॉर्डाच्या ऑफिसबाहेर चिकटवला. हिंदीत होता. नातीनं काकूंना तो वाचून दाखवला, हे मला नंतर कळलं. हवा समाधानकारक, आणि खाली बारीक अक्षरात: अमुक अमुक दिवशी बिजली बंद.

सुनवाईला मांडव, गाद्या, पाण्याच्या बाटल्या. कारखान्याची माणसं समोसे वाटत होती. साहेब सुनावणीच्या अधिकाऱ्याशेजारी बसले होते, मी तिसऱ्या रांगेत फाइल मांडीवर घेऊन. साहेबांनी अहवाल वाचला. कोणाला काही म्हणायचं आहे का, असं अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा काकू उठल्या. कामावरूनच आल्या होत्या, हाताला पीठ तसंच.

"साहब, मशीन मेरी चक्की के ऊपर है. चक्की बिजली से चलती है. लाइट गई तो सबसे पहले मेरे को मालूम पड़ता है. इन दिनों लाइट गई ही नहीं. फिर आपकी मशीन की कैसे गई?"

मांडवात हसू फुटलं. मग काकूंनी कापडी थैलीत हात घातला आणि माझे कागद काढले. कचऱ्यातले. एकेक उलगडून त्या वर धरत होत्या. काळा, काळा, काळा. त्यांनी ते पिठाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवले होते. मी सरकारी कागद चुकून टाकते आणि पुढं मागायला येईन, असं त्यांना वाटलं होतं.

साहेब जराही डगमगले नाहीत. तेवढं एक शिक्षण त्यांचं पक्कं होतं. "ये कागज़ प्रयोगशाला में आए ही नहीं," ते म्हणाले, "इसलिए प्रमाण नहीं हैं. इन पर नंबर किसने डाले हैं? आप बताइए, हम जाँच करा लेंगे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या समोर, त्यांच्या पायरीवर बसून मी ते नंबर टाकायची. मी मान खाली घातली आणि फाइलची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी उठले असते, तर ते कागद प्रमाण झाले असते. एवढंच करायचं होतं.

"मालूम नहीं," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

भट्टीला परवानगी मिळाली. साहेबांना पुढच्या वर्षी बढती मिळाली. ते आता कुठल्याशा समितीवर आहेत आणि हवेबद्दलच बोलतात. मीही वीस वर्षं भरताच पेन्शन घेऊन निघाले, कोणी एक प्रश्न विचारला नाही. नातीला काकूंनी वर्ध्याकडे तिच्या मामाकडे पाठवलं. तिथं ती एका उशीवर झोपते म्हणे. इकडं ती दिवाळीलाही येत नाही. काकूच तिकडं जातात, त्याही गिरणी बंद ठेवता येईल तेवढेच दिवस.

सुनवाईच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्र उतरवायला गेले होते. वाटलं, काकू दारात उभं करणार नाहीत. पण चहा नेहमीसारखा ठेवलेला होता. आत नात खोकत होती.

"काहून गप बसली वो तू?" काकूंनी विचारलं.

"नोकरी आहे ना काकू."

"हव," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी नाव नाई सांगतलं." मग गिरणीच्या पट्ट्यावरचं पीठ झाडत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पण मले वाटलं होतं, तू मोजाले येते."