डाव्या कोपऱ्यातला हात

वाइड अँगल लेन्स घ्यायची तर आधी तिने काढलेले फोटो शफीभाईंना दाखवायचे, असा गंगापूर रोडच्या फोटोवाल्यांचा शिरस्ताच होता. शफीभाई फोटोतल्या मधल्या माणसांकडे बघायचेच नाहीत. भिंग थेट कोपऱ्यावर. मधे कुठलीही लेन्स गोडच दिसते, खोट कोपऱ्यात कळते, म्हणायचे.

२००२ साली दिंडोरीचा हिरामण स्टुडिओ बंद करत होता. त्याची लेन्स घ्यायला शफीभाई त्याच्या घरी गेले. हिरामणने पडवीत काढलेला घरच्यांचा ग्रुप फोटो पुढे ठेवला. भिंग टेकवताच शफीभाई खेकसले, "डावा कोपरा पार गेलाय! या म्हाताऱ्याचा हात बघ, नुसता फराटा. कुणाला उल्लू बनवतोस?"

हिरामणने मान खाली घातली.

तेवढ्यात आतून त्याचे वडील चहा घेऊन आले. कप बशीत खडखडत होता, चहा सांडत होता.

शफीभाईंनी पुन्हा भिंग लावलं. त्या हाताच्याही पलीकडे, अगदी काठाला, खिडकीचे गज लख्ख दिसत होते.  त्यांना मान वर करवेना.

"लेन्स चांगली हाय, भाई," म्हातारा म्हणाला, "मीच हाललो."